पाचशे तेरावं नाव

वाघमोडे मॅडमच्या टेबलामागच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात 'बहुतेक' असं लिहिलेलं असायचं आणि त्याखाली नावं. ऑफिसात कुणी "मॅडम, बहुतेक केबल सैल असेल" किंवा "बहुतेक फ्लॉपी खराब झाली" असं म्हटलं, की त्या उठायच्या, खडू घ्यायच्या आणि त्याचं नाव तिथं लिहायच्या. खरं कारण सापडेपर्यंत ते नाव पुसायचं नाही. माझं नाव इतक्या वेळा लागलं, की पुसल्यावरही त्याचा पांढुरका डाग फळ्यावर राहायचा. औटे.

मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या एका शेडमध्ये आमची सात माणसांची कंपनी होती. कंपनी म्हणायचं ते मालकांनी, म्हणजे सबनीस साहेबांनी. आजूबाजूचे कामगार आम्हाला 'टायपिंगवाले' म्हणायचे. तिकडं वाळूजच्या माळावर कारखान्यामागून कारखाने उभे राहत होते, शिफ्टच्या बसगाड्या शहरभर फिरत होत्या, आणि त्या सगळ्या लोखंडाच्या गलबल्यात आम्ही कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा प्रोग्राम बनवत होतो. त्याचं नाव 'टाक'. सरकारी कचेऱ्या, छापखाने, टायपिंगच्या शाळा ही आमची गिऱ्हाइकं. मी प्रोग्राम विकायचो आणि तो बिघडला की लुनावर फ्लॉप्या घेऊन धावायचो. तो बनवायच्या मात्र मॅडम.

फुलंब्रीच्या पलीकडचं एक लहानसं गाव, धनगराचं घर, वडील मेंढरं राखणारे. त्या घरातली ही मुलगी शहरात येऊन इंजिनिअर झाली होती. उंच, सावळ्या, चालणं भरभर. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या आणि अंबाड्यात पेन्सिलीचा तुकडा खोचलेला असायचा. विचार करायचा झाला की चपला टेबलाखाली सोडून शेडच्या बाहेर अनवाणी फेऱ्या मारायच्या. उन्हाळ्यात आमचे पाय नुसते बघून भाजायचे. त्यांना त्याचं काही नसे.

बोलणं पक्कं गावाकडचं. एकदा मुंबईहून मोठे अधिकारी येणार होते. साहेब म्हणाले, "मॅडम, उद्या जरा प्रमाण भाषेत बोलाल का?"

"प्रमाण प्रोग्रामात टाकते साहेब," मॅडम म्हणाल्या. "तोंडात माझीच राहू द्या."

अधिकाऱ्यांशी त्या तशाच बोलल्या. त्यांनी 'टाक'च्या दहा प्रती घेतल्या.

तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "काय झालं ते मागून सांगा. आधी तुम्ही काय केलं?" आणि कुणी म्हणालं, की मॅडम, मशीन आपोआप बंद पडलं, तर म्हणायच्या, "आपोआप काय बी होत नाय. आपल्याला दिसलं नाय, एवढंच."

पैठणच्या एका कचेरीत एक कारकून होते. त्यांची तक्रार अशी, की दुपारनंतर प्रिंटर प्रत्येक पान दोनदा छापतो. मी तीन खेपा केल्या. मी गेलो की सगळं ठीक. त्यांच्या कचेरीतले लोक त्यांना हसायचे, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो होतो. चौथ्या वेळी मॅडम माझ्याबरोबर एसटीनं आल्या. कारकुनांच्या मागं खुर्ची टाकून सकाळपासून गप्प बसल्या. तीनच्या सुमाराला कारकुनांनी आवक-जावकचं जाडजूड रजिस्टर उघडलं. टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्याचा कोपरा कीबोर्डवर टेकवला, आणि प्रिंटर दुसऱ्यांदा सुरू झाला. सगळी कचेरी खदखदून हसली. कारकुनांची मान खाली गेली.

मॅडम उठल्या. "हसता कशाला?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. मशीन दोनदा छापतंय म्हणले, दोनदाच छापत व्हतं. आपण त्यांचं ऐकलं नाय." मग माझ्याकडं वळल्या. "तीन खेपा केल्या ना तुम्ही? यांच्या मागं एक दिवस बसला का?"

आठवड्याभरात त्यांनी प्रोग्राम बदलला. कळ दाबून धरली तरी पान एकदाच छापलं जाईल अशी सोय केली. फळ्यावरचं माझं नाव त्यांनी माझ्याच हातानं पुसायला लावलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता कोणत्याही दिवशी जाहीर होणार, असं चहाच्या टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळीकडं बोललं जात होतं. चौकाचौकांत पोलीस. कुठं दगडफेक झाल्याची बातमी यायची, मग ती खोटी निघायची, मग संध्याकाळी दुसरीकडची खरी निघायची. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच प्रश्नावरून मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. ते आठवणारी माणसं हळू आवाजात बोलत होती.

अशा एका सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली. तिच्यातून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, जाड चष्मा, आणि दोन्ही हातांत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, बाळ आहे. ते कॉम्प्युटरचं खोकं होतं.

त्यांचं नाव भालेराव. प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. नोकरी संपल्यापासून सायकलवर गावं फिरून त्यांनी अठ्ठ्याहत्तरपासूनची हकीकत गोळा केली होती: कोणत्या गावात कुणाची घरं जळाली, कोण गाव सोडून गेलं, नामांतरासाठी कोण तुरुंगात बसलं. अकरा वह्या. त्यांची सून टायपिंगच्या शाळेत शिकवायची. तिनं दीड वर्ष खपून ते सगळं 'टाक'मध्ये उतरवलं होतं. आता पुस्तक छापायचं, तर मशीन फाइल गिळायला लागलं होतं.

"आधी काय केलं ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

"शुद्धलेखन तपासायला लावलं," गुरुजी म्हणाले. "पहिल्यानं नीट चालतं. नाव आलं की थांबतं, विचारतं, बरोबर, चूक, का शब्दकोशात घालू? आम्ही घाल म्हणतो. अशी लई नावं घातली. मग एकदम पडदा काळा. पुन्हा चालू करून पाहावं, तर शेवटची पानं गेलेली, त्यांच्या जागी नुसता चिखल. चारदा केलं. दर खेपेला फाइल आखूड झाली."

"तपासणी बंद ठेवून छापा की मग," मी म्हणालो.

गुरुजींनी माझ्याकडं वर्गातल्या मुलाकडं पाहावं तसं पाहिलं. "एकेक माणूस तीन-तीन ठिकाणी येतो. घर जळालेल्यांत, गाव सोडलेल्यांत, साक्ष देणाऱ्यांत. एका ठिकाणी कांताबाई आन् दुसरीकडं शांताबाई झालं, तर ती बाई खोटी पडते. लोक म्हणतील, बघा, ह्यांना नावं बी धड ठाऊक नाहीत."

"वह्या असतील ना?" मॅडमनी विचारलं.

"नऊ हायेत. दोन वाळवीनं खाल्ल्या. पैठणकडची आन् फुलंब्रीकडची. त्या आता ह्याच्यातच." त्यांनी गोधडीवर हात ठेवला.

मॅडमनी पहिलं काम केलं ते म्हणजे डिस्कवर जे जसं होतं तसं उतरवून घेतलं. तीन प्रती. "आता ह्या मूळ डिस्कला कुणी हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "बघायला म्हणून बी नाय."

मी म्हणालो, "बहुतेक व्होल्टेज असेल. शेजारचा हातोडा पडला की आपले दिवे सुद्धा—"

त्या आधीच खडू शोधत होत्या.

शेजारी फोर्जिंगचा कारखाना होता. त्याचा मोठा हातोडा पडला की आमची टेबलं हलायची. मॅडमनी वहीत दोन रकाने आखले, हातोड्याची वेळ आणि मशीन बंद पडल्याची वेळ, आणि दोन दिवस टिपत बसल्या. मेळ लागेना. मग रविवारी कारखाना बंद असताना आम्ही दोघं आलो. हातोडा गप्प, दिवे स्थिर. मशीन तरीही बंद पडलं. साहेबांना व्हायरसचा संशय होता. अगदी कोऱ्या मशीनवर करून पाहिलं. तिथंही तेच.

शुद्धलेखन तपासणारा भाग आम्ही लिहिलेला नव्हता. तो पुण्याच्या एका गृहस्थाकडून तयार घेतला होता, त्याच्या आत काय लिहिलंय ते आम्हाला दिसत नव्हतं. फोन केला, तर ते म्हणाले, आमच्याकडं व्यवस्थित चालतो. मॅडमनी शांतपणे फोन ठेवला आणि बाहेर फेऱ्या मारायला गेल्या.

परत आल्या त्या फाइलचे दोन तुकडे करायचं ठरवून. कुठल्या तरी एका शब्दावर मशीन अडत असेल, तर ज्या तुकड्यात तो शब्द असेल तो तुकडा अडेल. मग त्याचे दोन करायचे, त्याचे दोन, असं करत शब्द हाताला लागेल. पहिला तुकडा तपासला. नीट पार पडला. दुसरा तपासला. तोही पार पडला. दोन्ही जोडले. पडदा काळा.

मी हसलो, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा आधी आणि पहिला नंतर असे उलटे जोडले. मशीन पुन्हा बंद पडलं, पण ह्या वेळी वेगळ्याच गावाच्या नावावर.

"कुठल्या एका गावात नाय हे," त्या म्हणाल्या. "मोजणीत हाये."

प्रत्येक वेळी मशीन बंद पडल्यावर शब्दकोशात किती नवी नावं जमा झालीत, ते त्यांनी मोजायला घेतलं. पहिल्या वेळी पाचशे बारा. उलट्या जोडणीत पाचशे बारा. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजलं. पाचशे बारा.

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग मला समजेल असं सांगितलं. पुण्याच्या माणसानं नव्या शब्दांसाठी पाचशे बारा जागा ठेवल्या होत्या. त्याला वाटलं असेल, कुणाला लागताहेत एवढे? कचेरीतली पत्रं लिहिणाऱ्याला जन्मात लागणार नाहीत. गुरुजींकडं हजाराच्या जवळपास नावं होती. पाचशे तेरावं नाव आलं की ते ठेवायला जागा नाही. मग ते शेजारच्या जागेत घुसायचं, आणि तिथं गुरुजींचीच पानं ठेवलेली असायची.

"म्हणजे एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या हकीकतीवर पडत व्हतं," त्या म्हणाल्या. उठून फळ्यावरचं माझं नाव पुसायला गेल्या, खडूची धूळ हाताला लागली, ती तशीच पदराला पुसली. त्यांना एवढं बेसावध मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी फोन आला. साहेबांनी उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. कुणी नाव सांगितलं नाही. ती यादी छापायला मदत केली तर शेड जागेवर राहणार नाही, एवढं बोलून फोन बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

साहेबांनी मॅडमना आणि मला आत बोलावलं. घाबरलेला माणूस समजूतदारपणाचा आव आणतो, तसे ते बोलत होते. "हे बघा, सात जणांच्या पोटाचा प्रश्न आहे. फाइल आधीच खराब झालेली आहे. प्रयत्न केला, पण गेली, असं गुरुजींना सांगू. कुणाला काही वाटणार नाही."

"फाइल गेली म्हणायला ती जावी लागते, साहेब," मॅडम म्हणाल्या. "ती हाये."

बाहेर आल्यावर माझ्याच्यानं राहवेना. फोन कुणामुळं आला, ते मला ठाऊक होतं. माझं गाव पैठणकडचं. आमच्या घराण्याची जमीन मोठी, आणि नामांतराला आमच्या घरातून कडवा विरोध. गुरुजींच्या यादीत आमचं गाव असणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रविवारी संध्याकाळी घरी काका भेटले तेव्हा मी बोलून गेलो होतो. मी तसं मॅडमना सांगितलं. वाटलं, आता ह्या माझ्याशी कायमचं बोलणं टाकतील.

त्यांनी विचारलं, "काकांना नेमकं काय सांगितलं? सगळे शब्द सांगा."

मी सांगितले.

"प्रती किती हायेत ते सांगितलं?"

"नाही."

"मग आता फोन लावा. सांगा, तीन प्रती झाल्यात, एक शहराबाहेर गेली. शेड जाळून उपयोग नाय."

मी काकांना फोन लावला आणि तसंच सांगितलं. काका ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तू कुणाच्या बाजूनं बोलतोयस?" मी म्हणालो, "मी फक्त प्रती किती आहेत ते सांगतोय." त्यांनी फोन आपटला. पुढं दोन वर्षं आमच्या घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. धमकीचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

मॅडमनी आमच्या बाजूनं प्रोग्राम बदलला. प्रत्येक प्रकरण सुरू होताना जुनी नावं बाजूला ठेवायची आणि त्या भागातली तेवढी भरायची. पाचशेच्या वर गेलं की पुढं जायच्या आधी थांबून सगळं जपून ठेवायचं. हे झालं दोन दिवसांत. खरं जिकिरीचं काम होतं चिखल झालेल्या पानांचं. नऊ वह्यांमधलं पुन्हा टाइप करता येत होतं. वाळवीनं खाल्लेल्या दोन वह्यांमधलं नाही. पण पुसलेल्या फाइलींचे जुने तुकडे डिस्कवर कुठं कुठं पडून असतात. मॅडम ते शोधत होत्या, आणि आकड्यांच्या रूपात दिसणारं एकेक अक्षर ओळखून कागदावर लावत होत्या. पैठणचं प्रकरण असं जुळलं. त्यात माझं गाव होतं. मी ते वाचलं. त्याबद्दल इथं एवढंच म्हणतो, की ते खरं होतं.

मग तीन दिवस त्यांनी फुलंब्रीकडचं प्रकरण जुळवलं. डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या.

शेवटी पूर्ण फाइलवर तपासणी चालवायला घेतली. मी शेजारी बसून जुळलेल्या कागदांशी नावं ताडून पाहत होतो. एकेक नाव यायचं, मशीन थांबायचं, मॅडम कळ दाबायच्या. प्रकरण फुलंब्रीकडचं. मशीन थांबलं. पडद्यावर उजळलेला शब्द होता 'धुळाजी'. आजूबाजूची वाक्यं मी वाचली.

'सगुणाबाईनं मुलांना घेऊन धुळाजी वाघमोडे यांच्या दारावर थापा मारल्या. दार उघडलं नाही. ती बाजरीच्या रानात लपली. सासूला चालता येत नव्हतं. ती घरातच राहिली.'

खाली मशीन विचारत होतं: बरोबर, चूक, की शब्दकोशात घालू?

मॅडमचं बोट कळीवर होतं. मला एकदम लक्षात आलं, की हे वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा वाचलेलं नाही. त्यांनीच ते अक्षर अक्षर करून उभं केलं होतं. एवढा एक तुकडा सापडला नाही म्हणाल्या असत्या, तर जगात कुणालाही कळलं नसतं.

"बा म्हणले, कडी लाव," त्या पडद्याकडं बघतच म्हणाल्या. "मी लावली. बारा वर्षांची व्हते मी."

त्यांनी 'बरोबर'ची कळ दाबली. मशीन पुढच्या नावावर गेलं.

"वाचा पुढचं, औटेभाऊ," त्या म्हणाल्या.

मी वाचत राहिलो. हजाराच्या वर नावं झाली. मशीन बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या नाहीत, गावी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा गुरुजी आधीच येऊन बसले होते. मॅडमनी छापलेल्या पानांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "फुलंब्रीकडच्या प्रकरणात धुळाजी वाघमोडे म्हणून हायेत. ते माझे वडील."

"ठाऊक हाये, बाई," गुरुजी म्हणाले. "पहिल्या दिवशीच आडनाव ऐकलं, आन् तुमच्या बोलण्यावरनं गावाची दिशा कळली. रिक्षावाल्याला म्हणणार व्हतो, परत फिरव."

"मग मशीन माझ्या हाती कसं दिलं?"

गुरुजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "दुसरं कोण व्हतं? पण खोटं कशाला बोलू, इतके दिवस मला झोप नव्हती." मग म्हणाले, "ते नाव काढायचं म्हणता का?"

"नाय. काल मी बांना ते वाचून दाखवलं. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"ते म्हणतात, दाराला फट व्हती. जमावात कोण कोण व्हतं ते त्यांनी पाहिलं."

गुरुजींनी पानं उलटली. प्रत्येक गावाच्या हकीकतीखाली एक ओळ असायची, जमावात कोण होते. मॅडमच्या गावाखाली लिहिलेलं होतं: 'कोणी सांगितलं नाही.'

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. शहरात कुठं गुलाल उधळला गेला, कुठं दारं बंद झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सबनीस साहेब माझ्या टेबलाशी आले आणि आपल्या गाडीची किल्ली ठेवून गेले. "गुरुजींना एसटीनं नेऊ नका," एवढंच म्हणाले. मॅडमच्या गावी जाताना पोलिसांनी तीनदा गाडी अडवली. तिन्ही वेळा मॅडमनी सांगितलं, "वडलांना भेटायला चाललोय."

ती माझी त्यांची शेवटची भेट. त्याच आठवड्यात मला दोन महिन्यांसाठी नांदेडच्या कामावर पाठवलं, आणि मी परतेपर्यंत त्या बंगळूरला निघून गेल्या होत्या. गुरुजींचं पुस्तक पावसाळ्याच्या आधी निघालं, पातळ कागदावर, मागं सगळ्या नावांची सूची देऊन. ते माझ्याकडं आहे.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा धुळाजीबाबा अंगणात बाजेवर बसले होते. अंगानं थकलेले, पण आवाज खणखणीत. गुरुजींना त्यांनी बाजेवर आपल्या शेजारी बसवलं. मॅडम खाली जमिनीवर मांडी घालून, मांडीवर वही घेऊन बसल्या. मी गाडीला टेकून उभा होतो.

"थापा ऐकल्या म्या," बाबा म्हणाले. "लई ऐकल्या. पोरीनं माझ्याकडं बघितलं. म्या मान हलवली, नको म्हणून, आन् कडी लाव म्हणलं. त्यात पोरीचा दोष नाय, तेवढं बी लिहा."

"ते लिहायची गरज नाय, बा," मॅडम म्हणाल्या.

"लिही," बाबा म्हणाले.

त्यांनी लिहिलं.

मग ते नावं सांगायला लागले. पहिलं नाव मेलेल्या माणसाचं. दुसरंही. तिसऱ्याशी ते थांबले. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी ओट्यावर रेडिओ चालू होता. बाबांनी तिकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. तो माणूस जिवंत आहे, गावात आहे आणि गावात त्याचा शब्द चालतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. गुरुजी काही बोलले नाहीत. मॅडमनीही 'सांगा' म्हटलं नाही की 'राहू द्या' म्हटलं नाही. पेन्सिल कागदावर टेकवून त्या वाट बघत बसल्या.

बाबांनी नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, बापाचं नाव आणि आडनाव धरून.

मॅडमनी खाली मान घालून लिहायला घेतलं, आणि मध्येच थांबून वर पाहिलं.

"आडनावात 'ल' का 'ळ', बा?"